जॉकीचं दिसणं: कमरेच्या वर मालकाचं, खाली स्वतःचं

जॉकी घोड्यावर बसला की प्रेक्षकाला सर्वांत आधी जे दिसतं ते त्याचं नसतं. रंगीत सदरा आणि टोपीवरचं आवरण घोड्याच्या मालकाचं. एका दुपारी सहा मालकांच्या घोड्यांवर बसायचं असेल तर ते सहा वेळा बदलायचं. पांढरी तंग ब्रीचेस (घोडेस्वारीची विजार), बूट आणि गळ्याशी बसणारी पांढरी पट्टी मात्र जॉकीची. जॉकींच्या पेहरावावरून झालेले बरेचसे वाद या वाटणीतूनच निघाले आहेत.

रंगांची नोंद १७६२ साली इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला सुरू झाली. पहिल्या यादीत १९ मालक होते, त्यांतले सात ड्यूक. घोडे दुरून ओळखता यावेत आणि निकालावरून तंटे होऊ नयेत, एवढाच हेतू. जॉकीला विचारायचा प्रश्नच नव्हता. तो बहुतेक वेळा मालकाच्याच तबेल्यातला नोकर असे, आणि दरवाजावरच्या माणसाला जशी वर्दी तसा त्याला हा सदरा.

नोकर असण्याची खूण चेहऱ्यावरही होती. एकोणिसाव्या शतकातली शर्यतींची चित्रं आणि छायाचित्रं पाहिली तर पगारी जॉकी बहुधा तुळतुळीत दाढी केलेले दिसतात आणि मिशा दिसतात त्या हौशी स्वारांच्या. हे हौशी स्वार अनेकदा लष्करी अधिकारी असत, आणि ब्रिटिश सैन्यात वरच्या ओठावर वस्तरा फिरवायला १९१६ पर्यंत मनाईच होती. त्यामुळे एकाच शर्यतीत कोण पैशासाठी धावतोय आणि कोण हौसेसाठी, हे ओठाकडे पाहूनही ओळखता येई. ती मनाई उठली, हौशी-व्यावसायिक हा भेदही पातळ झाला, पण जॉकी म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस ही समजूत पुढे कितीतरी वर्षं टिकली.

चेहऱ्याचा खरा कारागीर मात्र न्हावी नव्हता, तो होता वजनकाटा. उपाशी राहणं, जुलाब घेणं, अंगावर थरावर थर कपडे चढवून मैलोन्‌मैल चालणं, शेणखताच्या ढिगात मानेपर्यंत बसून घाम काढणं, हे सगळं त्या काळी धंद्याचा भाग मानलं जाई. १८८६ मध्ये इंग्लंडचा त्या वेळचा सर्वांत यशस्वी जॉकी २९ व्या वर्षी गेला. उंच अंगकाठी, वर्षानुवर्षांची उपासमार, शेवटच्या मोठ्या शर्यतीसाठी केलेली कमालीची घट, त्यानंतर ताप, आणि त्या तापात स्वतःवर झाडलेली गोळी. आत गेलेले गाल आणि ताणलेली कातडी यांना तेव्हाचे लोक ‘जॉकीचा चेहरा’ समजत. तो चेहरा उपजत नसे, कमावलेला असे. विसाव्या शतकात हीच गोष्ट बंद दारामागे गेली. अमेरिकेतल्या अनेक जॉकी-खोल्यांत खाल्लेलं ओकून टाकण्यासाठी वेगळं भांडं बसवलेलं असे, आणि वर्षानुवर्षं तसं करणाऱ्यांच्या दातांवरचं आवरण पोटातल्या आम्लानं झिजून जाई. टापटिपीची चर्चा बुटांच्या पॉलिशवर थांबते, दातांपर्यंत सहसा येत नाही.

आजही जॉकीची टापटीप ग्रॅमच्या हिशेबानंच चालते. बूट कागदासारखे पातळ. ब्रीचेसच्या आत थंडीसाठी पुरुष जॉकीही बायकांच्या पातळ टाइट्स घालतात, कारण त्या उबदार, जवळजवळ बिनवजनी आणि बूट झटकन चढवायला सोयीच्या. मनगटावर रबरबँड, म्हणजे सदऱ्याची बाही वाऱ्यानं फुगत नाही. चिखलाच्या दिवशी डोळ्यांवर एकावर एक चार-पाच गॉगल चढवलेले असतात. वरचा माखला की धावत्या घोड्यावरून तो खाली ओढायचा, लगेच दुसरा तयार. शर्यत संपल्यावर माखलेला सगळा संसार व्हॅलेटच्या, म्हणजे जॉकीच्या मदतनिसाच्या, हाती जातो. बूट चकाकवणं, खोगीर पुसणं, ब्रीचेस पुन्हा पांढरीशुभ्र करणं हे त्याचं काम. जॉकी नीटनेटका दिसतो त्याचं निम्मं श्रेय या माणसाचं, पण फोटोत तो कधी नसतो.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन जॉकींनी रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर झुकून बसायची पद्धत इंग्लंडात नेली. आधी टिंगल झाली, मग सगळ्यांनीच ती उचलली. पेहरावाच्या दृष्टीनं तिचा परिणाम असा, की ताठ बसलेल्या स्वाराची छाती पाहायची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर आता मांड्या आणि पार्श्वभाग आले. दूरचित्रवाणीचा कॅमेरा आल्यावर तर जॉकीच्या स्वतःच्या मालकीची नेमकी तीच जागा सर्वांत जास्त दिसू लागली. तिची किंमत कुणाच्या तरी लक्षात येणारच होती.

वादाला तोंड फुटलं ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. तिथल्या नियमांनुसार, शर्यतीच्या परंपरेला साजेसं नाही असं नियामकांना वाटेल ते कुठलंही जाहिरात-चिन्ह, प्रचाराचा मजकूर किंवा कार्टून कपड्यांवर चालत नसे. परंपरेला साजेसं म्हणजे काय, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. २००३ च्या डर्बीत, म्हणजे तिथल्या केंटकी डर्बी या प्रसिद्ध शर्यतीत, १४ जॉकींनी आपल्या संघटनेचं चिन्ह लावलं. ती कुठल्या मालाची जाहिरातही नव्हती, तरी प्रत्येकाला ५०० डॉलर दंड झाला. पुढच्या वर्षी प्रकरण लुइव्हिलच्या संघीय न्यायालयात गेलं. काही जॉकींना संघटनेचं चिन्ह लावायचं होतं, काहींना ब्रीचेसवर पुरस्कर्त्याचं नाव हवं होतं. २९ एप्रिल २००४ रोजी, म्हणजे डर्बीला दोन दिवस उरले असताना, न्यायाधीशांनी दोन्हींना मोकळीक दिली. ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते, असा निष्कर्ष. १ मे रोजी जाहिरातीची ब्रीचेस घालून जॉकी मैदानात उतरले.

मालकांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. त्यांचा नोंदलेला रंग आणि खाली लागूनच कुणा तिसऱ्याचं नाव, असं चित्र दिसलं तर पाहणाऱ्याला वाटणार की मालकाचाच त्या कंपनीला पाठिंबा आहे. पण जॉकींचा हिशेब पोटाचा होता. घोडा मागे पडला तर हाती येतं ते ठरावीक मानधन, त्यातून एजंटचा आणि व्हॅलेटचा वाटा वजा, आणि पडून हाड मोडलं तर महिनोन्‌महिने तेही नाही. परंपरेचा मुद्दा तर दोन वर्षंही टिकला नाही. २००६ पासून खुद्द डर्बीच्या नावालाच एका खाद्य कंपनीचं नाव जोडलं गेलं. मैदानाच्या मालकांनी शर्यतीचं नाव विकलं तर तो व्यवहार आणि जॉकीनं आपली मांडी विकली तर परंपरेचा भंग, हा तर्क मग कुणी फारसा मोठ्यानं मांडला नाही.

पुढे नियम आले ते इंचांत. प्रत्येक मांडीच्या बाहेरच्या बाजूला जास्तीत जास्त ३२ चौरस इंच, पाठीच्या कण्याच्या टोकाशी १० चौरस इंच, शिवाय बूट आणि गळ्यासाठी वेगळी मापं. मालकाची संमतीही लागते. एका माणसाच्या अंगाचा इतका बारकाईनं सातबारा क्वचितच कुणी लिहिला असेल.

स्त्रिया या चित्रात उशिरा आल्या. अमेरिकेत परवाना मिळालेल्या जॉकी मुली १९६९ मध्ये शर्यतीत उतरू लागल्या तेव्हा जॉकी-खोलीत त्यांना कपडे बदलायला जागाच नव्हती. एकीला फ्लोरिडात ट्रेलरमध्ये सोय करून दिली, तर त्या ट्रेलरवर दगड आला. वर्तमानपत्रांना रस होता तो त्यांच्या केसांत आणि लिपस्टिकमध्ये. केसांचा प्रश्न हेल्मेटखाली घट्ट बांधून मिटतो. पांढऱ्या ब्रीचेसचा मिटत नव्हता. कापड इतकं पातळ की पावसात आरपार दिसतं, आणि मासिक पाळीच्या दिवसांत हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर तेच घालून पुढे वाकून बसायचं. याविषयी उघडपणे बोलायलाच कित्येक दशकं गेली. ब्रिटनमध्ये २०२३ साली महिला जॉकींना काळी ब्रीचेस घालायची मुभा मिळाली. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०२१ मध्ये, तिथल्या रेसकोर्सवरचे सौना कायमचे बंद झाले होते. घाम काढून वजन उतरवण्याची ती शेवटची अधिकृत जागा. घरच्या न्हाणीघरात कढत पाण्याचा टब भरून बसणाऱ्यांना अर्थातच कुणी अडवू शकत नाही.