देवीची लस (बेळगाव सीमाभाग)

देवी (मसूरिका) या रोगावरील जिवंत विषाणूची लस. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील जुनी माणसे ती टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणतात. भारतात ती प्रथम 14 जून 1802 रोजी मुंबईत टोचली गेली. तिचे उत्पादन करणारा बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो साधारणपणे विसाव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. 1956च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्याकडे गेला. निर्मूलन मोहिमेत गोठवून सुकवलेली, उन्हाळ्यात टिकणारी लस भारतात पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव येथे बनत असे.

अपाय : आरंभी एका मुलाच्या फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात भरत, त्यातून क्वचित उपदंशही पसरे. वासराच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत आल्यावर हा धोका टळला. तरी इसब असलेल्यांच्या अंगभर फोड उठत, क्वचित मेंदूला सूज येई. 1968च्या अमेरिकी पाहणीत प्रथमच टोचलेल्या दर दहा लाखांमागे सुमारे 1 मृत्यू आढळला. देवीने मरणाऱ्यांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य होते. पण ज्या घरातले मूल गेले, त्या घराला हा हिशेब सांगता येत नाही.

म्हशींच्या देवी : 1934 मध्ये लाहोरच्या बाजूला प्रथम वर्णिलेला हा रोग 2008-09 मध्ये सोलापूर व सीमेलगतच्या कोल्हापूर जिल्ह्यात माणसांतही आढळला. म्हशीच्या सडांवर आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड येतात. त्याचा विषाणू लशीतील विषाणूचाच जवळचा भाऊबंद आहे. टोचलेल्या माणसांकडून तो गोठ्यात शिरला, असे एक मत. तो निसर्गातच आधीपासून असलेला वेगळा वंश, असे दुसरे. जनुकीय जवळीक आणि काही केंद्रांत लस रेडकांवर वाढवली जात असे, हे पाहता पहिले मत अधिक संभवनीय वाटते. लशीतील विषाणूचा मूळ पूर्वज गाईचा की घोड्याचा, हाही वाद आहे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासाचा कल घोड्याकडे आहे.

संरक्षण : देवीच्या कुळातील विषाणू एकमेकांविरुद्ध प्रतिकारशक्ती देतात. 1980च्या दशकात झाईरेमध्ये (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) देवी काढलेल्यांना याच कुळातील मंकीपॉक्स या रोगापासून सुमारे 85 टक्के संरक्षण आढळले. कालांतराने ते ओसरते. भारतात टोचणी 1970च्या दशकाच्या अखेरीस थांबली. त्यामुळे आज गोठ्यात धार काढायला बसणाऱ्या बहुतेक तरुणांच्या दंडावर तो व्रण नाही.