वन्यजीव कायद्यात बदल मागायचाय? अर्ज कुणाकडं, कसा आणि कधी

गव्यांनी ऊस तुडवला की पहिला मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर. राधानगरी, आजरा, शाहूवाडी, सगळीकडं तेच. पोच मिळते, फोटो छापून येतो आणि विषय संपतो. कारण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं एक अक्षरही जिल्हाधिकाऱ्यांना बदलता येत नाही. हे तिथं कुणी सांगतही नाही.

आधी ठरवा, बदल कशात हवाय. प्राण्याची अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेली यादी, बदलायला विधेयक लागत नाही. कलम ६१ खाली केंद्र सरकार अधिसूचना काढतं. ही मागणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडं करायची. कलमच बदलायचं तर विधेयक, दोन्ही सभागृहं आणि राष्ट्रपतींची संमती. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा आहे, त्यामुळं विधानसभाही राज्यापुरती दुरुस्ती करू शकते, पण ती केंद्राच्या कायद्याच्या विरोधात जात असेल तर टिकायला राष्ट्रपतींची संमती हवी.

‘गव्याला अनुसूची पाचमध्ये टाका’ असं लिहिलेली निवेदनं अजून फिरताहेत. २०२२ च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूच्या केल्या. उपद्रवी प्राण्यांची ती पाचवी उरलेलीच नाही. आता उपद्रवी प्राणी कलम ६२ खाली केंद्रच ठरवतं, तेही ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरतं आणि फक्त अनुसूची दोनमधला. रानडुक्कर दोनमध्ये आहे. गवा आणि हत्ती एकमध्ये, म्हणजे ते या कलमात बसतच नाहीत.

लोकसभेकडं याचिका कुणीही करू शकतं. ती ठरलेल्या नमुन्यात लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर, त्यावरही सही. खासदारांमार्फत द्यायची तर त्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. चंदगड-राधानगरीवाल्यांचे खासदार कोल्हापूरचे, शाहूवाडीकरांचे हातकणंगल्याचे. सह्यांची पानं जास्त असतील तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणीचा मजकूर पुन्हा हवा. गावोगाव फिरून जमवलेले कोऱ्या वहीतल्या सह्यांचे गठ्ठे इथंच वाया जातात. आणि याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं, कात्रणं काहीही जोडायचं नाही. आयुष्यभर ‘सोबत झेरॉक्स जोडा’ ऐकलेल्या माणसाला हे पटत नाही, पण नियम तसाच आहे. न्यायालयाच्या कक्षेतला वादही चालत नाही; नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण वनताऱ्यात हलवण्याचं प्रकरण तसंच होतं.

विधेयक संसदेच्या समितीकडं गेलं की सूचना मागवणारी जाहिरात येते. मुदत बहुधा १५ दिवसांची आणि ती जाहिरात छापल्यापासून मोजतात, तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ती आली त्या दिवसापासून नव्हे. मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत द्या आणि दिल्यावर तो गटागटांत फिरवू नका, समितीची ती गोपनीय कागदपत्रं होतात.

वेळ किती लागतो? मागची दुरुस्ती डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडली, ऑगस्ट २०२२ मध्ये तिथं आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेत मंजूर झाली, लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून. ती सरकारी होती म्हणून एवढ्यात आटोपली. ‘आमच्या खासदारांनी खासगी विधेयक मांडलंय’ यावर फार विसंबू नका. असं शेवटचं विधेयक १९७० मध्ये मंजूर झालंय.

पिकाची भरपाई हा मात्र निराळा अर्ज. त्यासाठी कायदा बदलायची वाट बघू नका. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनरक्षकाला कळवा, सातबारा काढून ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका.