वरच्या मजल्यावर राउटर न्यायचा की स्विच?

जळगावच्या गोलाणी मार्केटात राउटर आणि स्विच शेजारी शेजारी मांडलेले असले, तर अँटेना सोडून दोघांत फरक दिसत नाही. मागे त्याच चौकोनी खाचा, तीच वायर, तेच लुकलुकणारे दिवे. म्हणून मग माणूस 'नेट वाढवायचा डबा' मागतो, मिळेल तो घेतो आणि चोपड्याला घरी येऊन जोडतो. खाली नेट चालतं, वर चालत नाही, आणि जिन्यावरून हाक येते: "नेट काबर चालत नही?"

मोडेमचं आधी उरकून घेऊ, कारण तो यातला सरळ गडी आहे. बाहेरून आलेला सिग्नल घरातल्या यंत्रांना कळेल अशा रूपात आणून द्यायचा, एवढंच त्याचं काम. बीएसएनएलने २००५ मध्ये डेटावन सुरू केलं तेव्हा टेलिफोनच्या तारेला जो डबा लागायचा, तो मोडेम. आता फायबर आलंय आणि त्या जागी ओएनटी बसवतात. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे तो विजेचे सिग्नल करतो. त्यावरचा 'एलओएस' दिवा लाल लुकलुकत असेल, तर घरातलं काहीही बदलून उपयोग नाही. वायर बहुधा बाहेर कुठेतरी तुटली किंवा दबली आहे, नेटवाल्याला फोन करा.

आता खरा घोळ. नेटवाला साधारणपणे घराला एकच पत्ता देतो, म्हणजे एक आयपी. घरात मात्र आठ मोबाइल, टीव्ही, कॉम्प्युटर, कॅमेरे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते साऱ्या जगासाठी मिळून सुमारे ४३० कोटी. ते असे वाटत बसणं शक्यच नव्हतं. म्हणून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्यांसारखे काही पत्ते फक्त घरात-ऑफिसात वापरायला राखून ठेवले. आज चालते ती वाटणी १९९६ ची. १९२.१६८.१.५ हा पत्ता धुळ्यातल्या घरातही असतो आणि रावेरच्या केळी व्यापाऱ्याच्या गाळ्यातही, आणि त्यामुळे कुणाचं अडत नाही. हे आतले पत्ते वाटणं, कुठल्या मोबाइलने बाहेर काय मागितलं त्याची नोंद ठेवणं, उत्तर आलं की बरोबर त्याच मोबाइलला पोचवणं आणि न बोलावता बाहेरून आलेल्याला दारातच थांबवणं, हे सगळं राउटर करतो. कनेक्शनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल, तर तोही राउटरमध्येच भरलेला असतो.

साध्या स्विचला यातलं काहीच येत नाही. प्रत्येक यंत्रावर कारखान्यातून एक क्रमांक कोरून येतो, १२ अक्षरा-आकड्यांचा, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. कुठल्या खाचेमागे कुठला क्रमांक आहे एवढंच स्विच लक्षात ठेवतो आणि त्या हिशोबाने माल, म्हणजे डेटा, पुढे देतो. नवा क्रमांक दिसला, ठावठिकाणा माहीत नसला, तर सगळ्या खाचांमधून हाक मारतो. जो ओ देतो त्याची जागा पाठ करतो. जुन्या वाड्यातल्या गड्याला कुठल्या खोलीत कोण राहतं हे तोंडपाठ असतं, पण वेशीबाहेरच्या गावाचा रस्ता विचारला तर तो दिवाणजीकडे बोट दाखवतो. स्विचचं तसंच आहे.

मग लोक गोंधळतात कशाने? घरातला जो डबा आपण राउटर म्हणून विकत घेतो, त्याच्या पोटातच एक स्विच असतो. मागे एक वेगळ्या रंगाची खाच असते, वॅन. तिकडून बाहेरचं नेट आत येतं. बाकीच्या तीन-चार लॅन खाचा म्हणजे तो पोटातला स्विच. नेटवाल्याने दिलेल्या ओएनटीत तर बऱ्याचदा मोडेमचं काम, राउटर, स्विच आणि वायफाय असं चौघांचं बिऱ्हाड एकाच डब्यात असतं. फरक प्रत्यक्ष बघायचा असेल तर वॅनची वायर काढून बघा. यूट्यूब बंद पडेल, पण कॉम्प्युटरवरून वायर लावलेल्या प्रिंटरवर कागद निघत राहील, कारण तो माल घराबाहेर जातच नव्हता. महामार्गाच्या कामावर जेसीबीने फायबर तोडलं तरी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग चालू राहतं ते यामुळेच. पुण्यातल्या मुलाला मोबाइलवर अंगण दिसणार नाही, एवढंच.

यावरून कुठे काय घ्यायचं ते ठरतं. खाचा संपल्या असतील तर स्विच घ्या. वरच्या मजल्यावर टीव्ही, कॉम्प्युटर आणि प्रिंटरला वायर हवी आहे, तर खालून एकच केबल वर नेऊन तिला पाच खाचांचा साधा स्विच लावायचा. त्यात सेटिंग करायला काही नसतंच. त्यावर 'गिगाबिट' लिहिलंय का ते मात्र बघा; नुसतं १०/१०० असेल तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही वर शंभरच्या पुढे काही जाणार नाही. आठांपैकी चारच तारा जोडलेली स्वस्त केबलही तसंच करते. 'मॅनेज्ड', म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच घरात कशाला लागतो, मला आजवर कळलेलं नाही.

वायफाय पोचत नसेल तर मात्र स्विचने काहीच होणार नाही. यावल-फैजपूरकडची जुनी धाब्याची घरं घ्या: मातीच्या भिंती इतक्या जाड की पलीकडच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास मरतो, २.४ वाला कसाबसा तग धरतो. इथे दुसरा वायफायवाला डबा हवा, आणि लोक नेमकं इथेच फसतात. नवा राउटर आणून त्याच्या वॅन खाचेत खालची वायर घातली, की घरात दोन राउटर झाले आणि दोघेही आपापले पत्ते वाटू लागले. नेट चालतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण वरच्या मोबाइलला खालचा प्रिंटर दिसत नाही, कॅमेऱ्याचं ॲप रुसतं. दोघांचेही पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होत असतील तर तेवढंही धड चालत नाही. वॅनऐवजी लॅन खाचेत वायर घातली पण पत्ते वाटणारी डीएचसीपी सोय बंद केली नाही, तर त्याहून वाईट: काही मोबाइल चालतात, काही नाही, आणि कुठले ते रोज बदलतं. उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा. नसेल तर नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला (खालचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅन टू लॅन लावा. मग तो राउटर उरतच नाही, वायफाय असलेला स्विच होतो.

उलटी चूकही होते: राउटर काढून ओएनटीला थेट स्विच. ओएनटी नुसता मोडेमचंच काम करत असेल, तर पहिल्या यंत्राला एखादवेळी नेट मिळेल, बाकीचे कोरडे. पत्ते वाटायला कुणी नाही ना. आणि एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये जाऊ देऊ नका. माल गोल फिरत राहतो, सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकू लागतात आणि अख्ख्या घराचं नेट झोपतं.

केबल १०० मीटरच्या आत ठेवायची. घरापासून खळ्यापर्यंत ती पुरते, मळ्यापर्यंत नाही. आणि उघड्यावरून दूर न्यायचंच असेल तर तांब्याऐवजी फायबर न्या. काचेतून वीज वाहत नाही, पावसाळ्यात विजा कडाडताना ते बरं असतं.

आपल्याकडे जागाही विचार करून निवडावी लागते. बऱ्याच घरगुती राउटर-स्विचच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, आणि भुसावळचा मे महिना त्याला जुमानत नाही. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत डबा ठेवू नका. लोडशेडिंगसाठी राउटरला छोटा यूपीएस लावलात तर वरच्या स्विचचीही सोय बघा, नाहीतर लाइट गेल्यावर खाली नेट आणि वर अंधार. राउटरचा ॲडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचा, छोट्या स्विचचा अनेकदा ५ चा, तेव्हा पिन बसते म्हणून खुपसू नका. कॅमेऱ्यांना वायरीतूनच वीज देणारा पीओई स्विच असेल तर त्याला हा छोटा यूपीएस पुरत नाही, त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवरच घ्या.