वर्धा नदीच्या दोन काठांवरच्या दोन साखळ्या

जुन्या पेटीतून पणजोबांचं खरेदीखत निघतं, त्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं ४-२०, आणि घरात वाद पेटतो. चार-वीस म्हणजे नेमकं किती वावर? खत अकोला-बुलडाण्याकडचं असेल तर ४ एकर २० गुंठे, म्हणजे साडेचार एकर. नागपूर-भंडाऱ्याकडचं असेल तर बहुतेक ४ एकर २० डिसमिल, म्हणजे सव्वाचार एकरालाही थोडं कमी. फरक १२ गुंठ्यांचा. नव्या सातबाऱ्याची सवय झालेला नातू तेच ४ हेक्टर २० आर असं वाचतो आणि एका दमात दहा एकरांच्या पुढे जातो.

या घोळाचं मूळ जमीन मोजायच्या लोखंडी साखळीत आहे. विदर्भात साखळ्या दोन झाल्या त्या वर्धा नदीमुळे. १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. निजामाने १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघूजी वारले, औरस वारस नव्हता, आणि नागपूरचं राज्यही खालसा झालं. १८६१ पासून ते मध्य प्रांतात. दोन्ही काठांवर धनी एकच, पण वऱ्हाडात मुंबई इलाख्याची रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, आणि पूर्वेकडे मालगुजारी, म्हणजे सारा गावच्या मालगुजारामार्फत. ज्याची महसुलाची पद्धत, त्याची साखळी.

मुंबईची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात बसवली. तिची साखळी ३३ फुटी, आणि तिचे भाग १६ आणे. रुपयाचे सोळा आणे सगळ्यांना पाठ होते, त्यामुळे हिशेब तोंडी जमायचा. एक आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. साखळीचा चौरस, म्हणजे ३३ गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर.

मध्य प्रांतात वापरली गेली ती एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये बनवलेली साखळी: ६६ फूट लांब, १०० कड्या, प्रत्येक कडी ७.९२ इंचांची. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो, म्हणून क्षेत्र आपोआप दशांशात उतरतं. एकराचा शंभरावा भाग तो डिसमिल. मुंबईची साखळी म्हणजे गंटरची बरोबर निम्मी. निम्म्या बाजूचा चौरस पाव भरतो, म्हणून एकराचा दहावा भाग तिथे चाळिसावा झाला. एक गुंठा अडीच डिसमिलांचा भरतो तो याच हिशेबाने.

आता वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या टिपणात धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, लांबी १२ साखळ्या ६ आणे अशी असेल तर ३९६ फूट अधिक १२.३७५ फूट, एकूण ४०८.३७५ फूट, म्हणजे १२४.४७ मीटर. साखळी म्हटली की ६६ फूट एवढंच ज्याने पुस्तकात वाचलंय, तो हाच धुरा अडीचशे मीटरपर्यंत नेईल. आकडा चुकीचा नसतो, त्याच्या मागची साखळी चुकीची धरलेली असते.

मध्येच एक गोष्ट सांगायला हवी. देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटलाच वारला. त्याच्या खात्यासाठी फूटदेखील साधी गोष्ट नव्हती. भारतीय मोजणीत १९३७ पासून धरलेला फूट ०.३०४७९८४१ मीटरचा, आणि १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला बरोबर ०.३०४८ मीटरचा. मैलामागे फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा! हिमालयापर्यंत त्रिकोण जोडत नेणाऱ्याला तो छळतो, शेताच्या मोजणीत तो विसरलेलाच बरा.

साखळीच्या आधी काठी होती. शिवकालीन मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. हे माप माणसाच्या हातावर उभं होतं, म्हणून बिघ्याचं एकरात एकच ठरीव उत्तर देणाऱ्या तक्त्यावर मी विश्वास ठेवत नाही. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी ३०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे पाच अष्टमांश एकराचा बिघा ठरवला. तो इकडे लावू नये.

१९५६ मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या. मेट्रिक मापांचा कायदा झाला, आणि विदर्भ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. कालांतराने सगळीकडे हेक्टर-आर झालं. गुंठा १.०१ आरचा असल्याने बोलताना दोन्ही एकच धरतात. दहा एकरांत ही चूक पावणेपाच आरच्या घरात जाते.

आज मोजणी यंत्रावर होते आणि लांबी सेंटिमीटरपर्यंत छापून येते. पण ती ज्या नकाशाशी ताडायची, तो पूर्वेकडे १६ इंचांना एक मैल या प्रमाणाचा, म्हणजे एका इंचात गंटरच्या पाच साखळ्या, ३३० फूट. अशा नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळपास दोन मीटर रुंद होते. धुऱ्याची बरीच भांडणं त्याच दोन मीटरांची असतात.