इंग्रजीतील संयुक्त नामे

दोन किंवा अधिक शब्द एकत्र येऊन एकाच वस्तूचे, व्यक्तीचे किंवा कल्पनेचे नाव होते, तेव्हा त्याला संयुक्त नाम म्हणतात. टूथब्रश, बस स्टॉप, मदर-इन-लॉ, स्विमिंग पूल, ब्लॅकबोर्ड ही इंग्रजीतली नेहमीची उदाहरणे. मराठी व्याकरणात ज्याला आपण सामासिक शब्द म्हणतो, त्याचाच हा इंग्रजी भाऊबंद. समासाचा विग्रह, म्हणजे त्याची फोड, करायला शिकलेल्या मुलाजवळ ही नामे उलगडण्याचे उत्तम साधन आधीपासूनच असते, पण इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण फारशी कोणी करून देत नाही.

मुख्य पद : बहुतेक संयुक्त नामांत मुख्य पद शेवटी येते आणि आधीचे पद त्याची ओळख पटवते. हाउसबोट ही बोट, तर बोटहाउस म्हणजे बोटी ठेवण्याची जागा. रेसहॉर्स हा घोडा, हॉर्स रेस ही शर्यत. नाव कितीही लांबले तरी ते उजवीकडून सोडवायचे. आपल्या एसटीचे इंग्रजी नाव महाराष्ट्र स्टेट रोड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन. शेवटी कॉर्पोरेशन आहे, म्हणजे ते महामंडळ. महामंडळ कसले, तर परिवहनाचे; परिवहन कुठले, तर रस्त्यावरचे. मराठी नाव महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ; पदांचा क्रम जराही बदललेला नाही. फ्रेंच भाषेत हा क्रम उलटा होतो. तिथे रेल्वेला जे नाव आहे, त्यात आधी रस्ता येतो आणि मग लोखंड. मराठीतला लोहमार्ग इंग्रजी चालीचा आहे.

विग्रह : संयुक्त नामातील दोन पदांचे नाते कागदावर कुठेच लिहिलेले नसते. ऑलिव्ह ऑइल हे ऑलिव्हपासून काढलेले तेल, बेबी ऑइल हे बाळासाठीचे तेल, एंजिन ऑइल हे एंजिनात घालायचे तेल. फ्लोअर मिल पीठ दळते. विंडमिल मात्र वारा दळत नाही, वाऱ्यावर चालते. विंडमिलचा विग्रह आपण पुरणपोळीसारखाच करतो. ‘पुरण घालून केलेली पोळी’ यातले ‘घालून केलेली’ जसे गळून पडते, तसे ‘वाऱ्यावर चालणारी गिरणी’ यातले ‘वर चालणारी’ गळते. हा मध्यमपदलोपी समास झाला. प्लेग्राउंड म्हणजे खेळण्यासाठी मैदान आणि क्रीडांगण म्हणजे क्रीडेसाठी अंगण. दोन्ही चतुर्थी तत्पुरुष, म्हणजे दुसरे पद मुख्य आणि विग्रहात ‘साठी’ येणारे समास. ब्लॅकबोर्ड, ग्रीनहाउस यांत विशेषण आणि नाम असल्याने ते कर्मधारयाच्या जवळ जातात. फोर्टनाइट हा शब्द ‘चौदा रात्री’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दांवरून आला आहे. आपल्या नवरात्रासारखा तो सरळ द्विगू, म्हणजे पहिले पद संख्या असलेला समास आहे.

बहुव्रीहीही इंग्रजीत भरपूर आहे. रेडहेड म्हणजे लाल डोके नव्हे, लालसर केसांची व्यक्ती. पेपरबॅक म्हणजे पाठ नव्हे, कागदी बांधणीचे पुस्तक. पिकपॉकेट हा खिसा नसून खिसेकापू असतो आणि स्केअरक्रो हा कावळा नसून शेतातले बुजगावणे. अशा नामांत मुख्य पद शब्दाच्या बाहेरच असते, नीलकंठ हा कंठ नसून शंकर असतो तसे. दोन्ही पदे सारख्याच महत्त्वाची असलेला द्वंद्व समास मात्र इंग्रजीला मानवत नाही. आईवडील, मीठभाकर, भाऊबहीण हे आपण सहज जोडतो. इंग्रजीला तिथे मध्ये ‘अँड’ लागतोच. या प्रकारांना पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञ आजही तत्पुरुष, बहुव्रीही, द्वंद्व या संस्कृत नावांनीही ओळखतात. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या परंपरेने केलेले वर्गीकरण एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि ती नावे तिथे रुजली.

‘चा-ची-चे’चा प्रश्न : मराठी माणसाची खरी अडचण इथे सुरू होते. मराठीत पिठाची गिरणी, दारूचा ग्लास, टेबलाचा पाय अशी षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’ची विभक्ती, आपण सर्रास वापरतो. ती इंग्रजीत नेली की ‘द लेग ऑफ द टेबल’ किंवा ‘टेबल्स लेग’ होते. इंग्रज माणूस म्हणतो ‘टेबल लेग’. यात अर्थाचाही फरक पडतो. मराठीतला ‘चहाचा कप’ भरलेला असेल किंवा रिकामा. इंग्रजीत ‘कप ऑफ टी’ म्हणजे कपभर चहा आणि ‘टीकप’ म्हणजे चहा पिण्याचे भांडे, मग त्यात थेंबही नसला तरी चालेल. वाइन ग्लास आणि ग्लास ऑफ वाइन यांतही हाच फरक आहे. प्राण्यांच्या बाबतीत इंग्रजीची एक सूक्ष्म सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे. जिवंत प्राणी जे देतो त्याला बहुधा षष्ठी लागते : काउज मिल्क, गोट्स मिल्क. प्राणी मारून जे मिळते ते संयुक्त नाम होते : चिकन सूप, लँब चॉप, शीपस्किन. कोणाच्या वापरासाठी, हे सांगतानाही षष्ठी टिकते : चिल्ड्रन्स बुक, विमेन्स कॉलेज.

आघात : उच्चारातल्या जोरामुळे संयुक्त नाम डोळ्यांपेक्षा कानाला अधिक खात्रीने ओळखता येते, आणि मराठी माध्यमातून इंग्रजी वाचून शिकणाऱ्याकडून नेमके हेच निसटते. ‘ब्लॅक’वर जोर दिला तर तो वर्गातला फळा, मग तो हिरव्या रंगाचा असला तरी ब्लॅकबोर्डच. दोन्ही शब्दांवर जोर ठेवून ‘बोर्ड’वर तो जरा वाढवला, तर कुठलीही काळी फळी. ग्रीनहाउसमध्ये ‘ग्रीन’वर जोर असेल तर ते रोपांचे काचघर, ‘हाउस’वर असेल तर कोणाचे तरी हिरवे घर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान ‘व्हाइट’वर जोर देऊन उच्चारतात, म्हणून ते नाव ठरते, वर्णन नव्हे. स्लीपिंग बॅगमध्ये जोर ‘स्लीपिंग’वर, कारण पिशवी झोपत नाही, आपण तिच्यात झोपतो. ‘स्लीपिंग चाइल्ड’मध्ये मूल खरोखर झोपलेले असते, म्हणून जोर ‘चाइल्ड’वर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपण दोन्ही पदे सारख्याच वजनाने उच्चारतो आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. माझ्या मते संयुक्त नामे शिकवताना शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी अशा जोड्या मोठ्याने म्हणून घ्याव्यात.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते मान्य करून पुढे जावे लागते. वस्तू कशाची बनली आहे हे पहिले पद सांगत असेल, तर जोर सहसा दुसऱ्यावर जातो : लेदर जॅकेट, स्टोन वॉल. रस्त्यांच्या नावांत ‘स्ट्रीट’ असेल तर जोर आधीच्या पदावर, ‘रोड’ किंवा ‘अव्हेन्यू’ असेल तर शेवटी. अ‍ॅपल ज्यूसमध्ये जोर ‘अ‍ॅपल’वर असतो, अ‍ॅपल पायमध्ये ‘पाय’वर.

वचन : पहिले पद बहुधा एकवचनीच राहते. दात अनेक असले तरी टूथब्रश, जोडे अनेक असले तरी शू शॉप. मराठीत मात्र कांदेपोहे, बटाटेवडा अशी अनेकवचनी रूपेही चालतात, म्हणून हा फरक मुद्दाम लक्षात ठेवावा. संख्या आली तरी इंग्रजी एकवचन सोडत नाही : दहाची नोट ही ‘टेन-रुपी नोट’, ‘टेन रुपीज नोट’ नव्हे, पंचवार्षिक योजना ही ‘फाइव्ह-इयर प्लॅन’. उलट काही शब्द आधीच्या पदात ‘स’ किंवा ‘ज’ राखून असतात : सेव्हिंग्ज अकाउंट, कस्टम्स ऑफिसर, स्पोर्ट्स डे. बचत खात्याला आपल्याकडे बोलताना सर्रास सेव्हिंग अकाउंट म्हणतात. लिहिताना तरी ‘ज’ ठेवावा.

अनेकवचन करताना प्रत्यय मुख्य पदाला लागतो. मुख्य पद शेवटी असेल तर प्रश्नच नाही : टूथब्रशेस, बस स्टॉप्स. ते आधी असेल तर प्रत्यय मध्ये येतो : मदर्स-इन-लॉ, पासर्स-बाय. ग्रोन-अपमध्ये मुख्य नामच नाही, म्हणून ग्रोन-अप्स. ‘वुमन डॉक्टर’चे अनेकवचन ‘विमेन डॉक्टर्स’ होते. तिथे दोन्ही पदे बदलतात. षष्ठीचा प्रत्यय मात्र नेहमी संपूर्ण नामाच्या शेवटी लागतो : सासूचे घर म्हणजे ‘मदर-इन-लॉज हाउस’.

लेखन : शब्द सुटे लिहायचे, मध्ये संयोगचिन्ह द्यायचे की जोडून टाकायचे, याचा पक्का नियम इंग्रजीत नाही. जर्मन भाषा असे शब्द जोडूनच लिहिते. इंग्रजीत एकाच शब्दाची दोन रूपे दोन शब्दकोशांत सापडतात. सर्वसाधारण ओघ असा, की नवा शब्द आधी सुटा येतो, मग संयोगचिन्ह घेतो आणि रुळला की जोडला जातो. आज एकसंध दिसणारे ‘टुडे’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संयोगचिन्हासह छापले जाई. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 2007 च्या आवृत्तीने सुमारे 16,000 शब्दांतील संयोगचिन्हे काढली. आइस क्रीम आणि फिग लीफ सुटे झाले, तर बंबलबी आणि लीपफ्रॉग जोडले गेले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या लेखननियमांनी ‘ईमेल’मधले चिन्ह 2011 मध्ये सोडले. म्हणून लिहिताना एकच शब्दकोश हाताशी ठेवावा आणि संपूर्ण मजकुरात त्याच्याशी प्रामाणिक राहावे.

एक चूक मात्र नियमाने टाळता येते. लॉगिन, सेटअप, ब्रेकडाउन, चेकआउट ही नामे जोडून लिहितात आणि त्यांत जोर पहिल्या पदावर असतो. हेच शब्द क्रियापद म्हणून आले की सुटे होतात आणि जोर दुसऱ्या पदावर सरकतो. ‘लॉगिन करा’ हे इंग्रजीत लिहिताना ‘लॉग’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये जागा सोडायची.

झिजलेली संयुक्त नामे : वापरून वापरून काही जोड इतके झिजतात, की सांधा दिसेनासा होतो. कबर्डमध्ये एकेकाळी कप ठेवण्याची फळी होती. उच्चारातला ‘प’ गेला, लेखनात राहिला. लॉर्ड हा जुन्या इंग्रजीत ‘भाकरीचा राखणदार’ होता आणि लेडी ‘भाकरीचे पीठ मळणारी’. डेझी हे फूल म्हणजे ‘दिवसाचा डोळा’, कारण ते सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. मराठीत देवकुलाचे देऊळ आणि मातृगृहाचे माहेर झाले, ते असेच. विंडो हा शब्द इंग्रजीत नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आला. त्याचा विग्रह ‘वाऱ्याचा डोळा’ असा होतो. आपल्याकडे खिडकीला गवाक्ष म्हणतात. त्यातही डोळाच आहे, फक्त तो गाईचा.