सहाने भागलेला रणगाडा

रणगाड्याच्या प्रतिकृतीचा पट्टा जोडून झाला की तो टेबलावर सरळ ताणून मोजायचा. ७९ कड्या, प्रत्येक कडी २५.४ मिलिमीटर, म्हणजे एकूण २,००७ मिलिमीटर भरायला हवेत. माझा पहिला पट्टा भरला २,०२२. मग एकेक कडी मोजत बसलो, तेव्हा चूक सापडली ती ०.२ मिलिमीटरची. दोन कागद एकावर एक ठेवले तर होते तेवढी. थेंबे थेंबे तळे साचे, तसे ७९ कड्यांत मिळून जवळजवळ १६ मिलिमीटर साचले होते. एक कडी काढावी तर पट्टा १० मिलिमीटरने तोकडा, ठेवावी तर ढिला.

चुकांच्या दोन जाती असतात. प्रत्येक कडी हाताने वेगळी घडवली असती, तर काही कड्या किंचित मोठ्या झाल्या असत्या, काही किंचित लहान, आणि त्यांनी एकमेकींना बरंचसं सांभाळून घेतलं असतं. अशा विस्कळीत चुकांची बेरीज कड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ७९ चं वर्गमूळ ८.९, म्हणून एकूण फरक साधारण २ मिलिमीटरचा राहिला असता. पण माझ्या सगळ्या कड्या एकाच सिलिकॉनच्या साच्यातून रेझिन ओतून काढलेल्या. साचा ज्या बाजूला चुकला, त्याच बाजूला प्रत्येक कडी चुकली.

गंमत अशी की ही दुसरी चूक जास्त मोठी असूनही जास्त सोयीची आहे. सगळ्या कड्या सारख्याच चुकल्या असतील, तर पट्ट्याला ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, त्या चुकीच्या मापाचंच बनवता येतं. माझ्या स्प्रॉकेटला १३ दाते आहेत. २५.४ च्या कडीसाठी त्याचा व्यास १०६ मिलिमीटर लागतो, २५.६ च्या कडीसाठी १०७. लेथवर हा फरक काहीच नाही, पण तो ठेवला नाही तर प्रत्येक दात कडीत जरा उशिरा शिरतो, पट्टा दातांवर चढतो आणि जोर लागला की उडी मारतो. म्हणून क्रम ठरलेला: पट्टा आधी, स्प्रॉकेट नंतर. वीस कड्या ताणून मोजायच्या, विसाने भागायचं आणि जे उत्तर येईल ते खरं मानायचं. आराखड्यात काय लिहिलंय त्याला इथे किंमत नाही.

हा पट्टा एम४ शर्मन या अमेरिकन रणगाड्याचा, मूळच्या एक षष्ठांश मापाचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सुमारे ४९ हजार शर्मन बनले. त्यामुळे त्यांची दुरुस्ती-पुस्तकं, आराखडे, फोटो मुबलक आहेत आणि इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष रणगाडेही उभे आहेत. तयार सुट्या भागांचा संच न घेता सगळं स्वतः घडवायचं, तर असा भरपूर मोजला गेलेला रणगाडा निवडणं शहाणपणाचं. शिवाय हे माप मला मनापासून आवडतं. शर्मनच्या पट्ट्याची खरी कडी ६ इंच लांब, म्हणजे प्रतिकृतीत नेमकी १ इंच. सुरुवातीच्या शर्मनच्या पुढच्या पोलादी पत्र्याची जाडी ५१ मिलिमीटर, सहाने भागून साडेआठ. ९ मिलिमीटरचं प्लायवुड जवळपास तेवढंच. बाजूचं चिलखत ३८ मिलिमीटर, म्हणजे ६ मिलिमीटरचं प्लायवुड. झाकण उघडल्यावर जी कड दिसते, ती न फसवता खऱ्या प्रमाणात दिसते.

लांबी ९७ सेंटिमीटर, रुंदी ४४, उंची ४६. इथवर भागाकार मुकाट्याने साथ देतो. यापुढे देत नाही.

लांबी सहाने भागली की क्षेत्रफळ ३६ ने भागलं जातं आणि घनफळ २१६ ने. खरा शर्मन सुमारे ३० टनांचा. २१६ ने भागला तर १४० किलो. एवढं वजन पोलादातच भरेल आणि ते जिन्यावरून उतरवायला चार माणसं लागतील. प्लायवुड, अॅल्युमिनियम आणि रेझिन यांची प्रतिकृती मी ५० किलोंच्या आसपास धरली आहे. आता जमिनीवरचा दाब पाहा. खऱ्या शर्मनखाली दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलो भार येतो. माझ्या प्रतिकृतीचे दोन्ही पट्टे मिळून सुमारे ८७० चौरस सेंटिमीटर जमीन व्यापतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५७ ग्रॅम. मूळच्या सतराव्या हिश्शाइतका. ओल्या मातीत माणसाचा पाय रुततो तिथे हा रणगाडा नुसता ठसा उमटवून जातो. अगदी १४० किलोंचा केला असता तरी दाब मूळच्या एक षष्ठांशच राहिला असता, कारण वजन २१६ ने घटतं आणि त्याला पेलणारा पट्टा ३६ नेच. वजन वाढवून हा प्रश्न सुटत नाही. बॅटऱ्या मात्र मी मुद्दाम तळाशी ठेवतो; त्यांचा भार चाकांना खाली दाबून ठेवतो आणि चढावर पुढचा भाग उचलला जात नाही.

खरी कसोटी वळण्याची आहे. मोटारगाडीची पुढची चाकं वळतात. रणगाड्याला वळणारं चाकच नसतं. एक पट्टा जलद आणि एक हळू चालवायचा, म्हणजे गाडी हळू पट्ट्याच्या बाजूला वळते. पण वळताना पट्ट्याचा पुढचा आणि मागचा भाग जमिनीवर आडवा घासत जातो. सरळ जाताना पट्टा फक्त उलगडत असतो, वळताना तो फरफटतो. या फरफटीविरुद्ध प्रत्येक पट्ट्याला किती जोर लावावा लागतो त्याचं एक सोपं सूत्र आहे: वजन गुणिले घर्षणाचा गुणांक, गुणिले पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी, भागिले दोन पट्ट्यांमधल्या अंतराची चौपट.

आकडे घालून पाहू. शर्मनचा पट्टा ३.७३ मीटर जमिनीला टेकतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्यांमधलं अंतर २.११ मीटर. गुणोत्तर १.७७. मुद्दाम सांगतो, हे गुणोत्तर प्रतिकृतीतही तेच राहतं. दोन्ही लांब्या सहाने भागल्या की सहा निघून जातो. ५० किलो म्हणजे ४९० न्यूटन. कोरड्या घट्ट जमिनीवर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर प्रत्येक पट्ट्याला सुमारे १५० न्यूटन जोर हवा. सरळ सपाटीवर जाताना, पट्ट्याचं आतलं घर्षण धरूनही, प्रत्येकी २० न्यूटन पुरतात. म्हणजे जागच्या जागी वळायला सरळ चालण्याच्या सात-आठ पट जोर लागतो.

पहिल्यांदा रणगाडा घडवणारे बहुतेक जण इथेच अडकतात. मीही अडकलो होतो. जमिनीवर सरळ पळवून पाहिलं, छान पळाला, म्हणून मोटरी पुरेशा आहेत असं ठरवलं. गवतात पहिलं वळण घेतलं आणि मोटर जागीच थांबली. थांबलेली मोटर सर्वांत जास्त विद्युतप्रवाह ओढते, फिरण्यामुळे तयार होणारा विरोधी विद्युतदाब तिच्यात नसतोच. काही सेकंदांत आतल्या तारेचं इन्सुलेशन जळाल्याचा वास आला. मोटर निवडायची ती वळणाच्या हिशोबाने. १५० न्यूटन गुणिले स्प्रॉकेटची ५३ मिलिमीटर त्रिज्या, म्हणजे सुमारे ८ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क, फिरवणारा जोर). माणसाच्या सावकाश चालीने, सेकंदाला १ मीटर जायचं, तर स्प्रॉकेटचे मिनिटाला १८० फेरे. दोन्हींचा गुणाकार प्रत्येक बाजूला १५० वॉट. गिअरबॉक्स आणि मोटर यांच्यातली गळती धरली की बॅटरीतून अडीचशे. २४ व्होल्टवर प्रत्येक मोटरला १० अँपिअर. म्हणूनच मोठ्या प्रतिकृतींत विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीच्या मोटरी इतक्या दिसतात. माणसाला घेऊन उंबरा चढणं आणि रणगाड्याला गवतात वळवणं, दोन्ही कामं एकाच जातीची: वेग कमी, पीळ जास्त. प्रत्येक मोटरला स्वतंत्र फ्यूज मी आता विसरत नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. दोन स्वतंत्र मोटरींची प्रतिकृती एक पट्टा पुढे, एक मागे करून भोवऱ्यासारखी जागच्या जागी गिरकी घेऊ शकते. खरा शर्मन घेऊ शकत नव्हता. त्याला एकच इंजिन होतं आणि दोन्ही पट्ट्यांना शक्ती वाटून देणारा एक खास डिफरन्शियल. चालकाने एका बाजूचा ब्रेक ओढला की त्या बाजूचा वेग ठरावीक प्रमाणात घटायचा आणि तेवढाच दुसऱ्या बाजूला वाढायचा. कोणताही पट्टा पूर्ण थांबत नसे, म्हणून सर्वांत आखूड वळणाचा व्यासही सुमारे १९ मीटर. प्रतिकृतीत तो ३ मीटरच्या थोडा वर येतो. रिमोटमध्ये दोन मोटरींचं मिश्रण ठरवताना आतल्या पट्ट्याचा वेग एका मर्यादेखाली जाणार नाही असं बांधून घातलं, की रणगाडा एकदम शर्मनसारखा वागू लागतो. वर मोटरींचंही आयुष्य वाढतं.

आता वेळेचा प्रश्न. लहान लंबक जलद झुलतो हे आपण शाळेत शिकलो. रणगाडा स्प्रिंगांवर डोलतो तेव्हा त्याला हाच नियम लागू पडतो. स्प्रिंग भाराने जेवढी दबते, त्या दबण्याच्या वर्गमुळावर डोलण्याचा काळ ठरतो. खऱ्या स्प्रिंगपेक्षा प्रतिकृतीची स्प्रिंग सहापट कमी दबते, म्हणून डोलणं ६ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे २.४५ पट जलद होतं. वजन ५० असो की १४०, फरक पडत नाही. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण प्रतिकृतीसाठी सहाने भागलं जात नाही, हे त्यामागचं कारण. जहाजांच्या प्रतिकृतींबाबत हे कोडं विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने सोडवलं. १८७० च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून त्याने प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तर लाटा सारख्या उठतात, हे दाखवलं. लहान प्रतिकृतींचं चित्रीकरण सेकंदाला जास्त चौकटींनी (फ्रेमनी) करून नेहमीच्या गतीने दाखवतात तेही याचसाठी. एक षष्ठांश मापाला सेकंदाला २४ ऐवजी ५९ चौकटी.

समोर उभं राहून पाहणाऱ्याला मात्र चौकटी वाढवून मिळत नाहीत. तिथे जड दिसणं कमवावं लागतं. शर्मनला प्रत्येक बाजूला तीन बोगी, म्हणजे चाकं धरणारे संच, प्रत्येक बोगीत दोन चाकं आणि वर गुंडाळलेल्या पट्टीच्या शंकूसारख्या स्प्रिंगा. प्रतिकृतीत एका बोगीवर ८ किलोंच्या आसपास भार येतो. कडक स्प्रिंग घातली तर रणगाडा बोगीशिवाय असल्यासारखा खडखडतो. मी मूळच्या प्रमाणाहून मऊ स्प्रिंगा घेतो आणि बोगीच्या सांध्यात जाड ग्रीस भरतो, म्हणजे डोल एकदाच येतो आणि विरतो. स्पीड कंट्रोलरला वेग सावकाश चढवायला लावतो. टरेटचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचंही तेच. खऱ्या टरेटची पूर्ण फेरी यंत्राने सुमारे १५ सेकंदांत होई. फ्रूडच्या नियमाने प्रतिकृतीला ६ सेकंद शोभायला हवेत, पण सहा सेकंदांत फिरलेलं टरेट खेळण्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याच्या डोळ्यात खऱ्या रणगाड्याचा वेळ बसलेला असतो. मी १५ च ठेवतो.

रेडिओचं काम आज सोपं झालंय. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते आणि प्लायवुड त्यांना फारसं अडवत नाही. अॅल्युमिनियमच्या बंद पेटीत मात्र रिसीव्हर बहिरा होतो, तेव्हा अँटेना बाहेर काढावीच लागते. एक गोष्ट रणगाडा जमिनीवर ठेवण्याआधी तपासायची: ठोकळ्यांवर उचलून पट्टे फिरवायचे आणि हातातला रिमोट बंद करायचा. पट्टे थांबले पाहिजेत. काही रिसीव्हर संदेश तुटल्यावर शेवटचा हुकूम तसाच पाळत राहतात आणि ५० किलोंचं यंत्र त्या हुकमावर भिंतीपर्यंत, किंवा कुणाच्या पायापर्यंत, चालत जाऊ शकतं. स्प्रॉकेट आणि पट्टा जिथे भेटतात तिथे लहान मुलांची बोटं जाऊ नयेत यासाठी मी चालवताना कुणालाही दोन मीटरच्या आत येऊ देत नाही.

मातीला तर काहीच भागाकार मान्य नाही. वाळूचा कण तोच, गवताचं पातं तेच, खडा तोच. एक सेंटिमीटरचा खडा या रणगाड्याला सहा सेंटिमीटरच्या दगडासारखा. तो पट्ट्याच्या आतून लोळत स्प्रॉकेटच्या दातात येऊन बसला, की पट्टा क्षणात ताणला जातो आणि दोन कड्यांना जोडणारा एखादा कनेक्टर तुटतो. असे कनेक्टर दोन्ही पट्ट्यांत मिळून ३१६ आहेत. ते थोडे कमकुवत ठेवणं मला योग्य वाटतं. कनेक्टर दहा मिनिटांत बदलता येतो, गिअरबॉक्सचा दाता नाही. मैदानावर जाताना खिशात वीस-पंचवीस कनेक्टर, एक पक्कड आणि पिना ठोकायला लहान हातोडी असते. पट्टा तुटलाच तर रणगाडा मागे ढकलून पट्टा त्याच्यापुढे जमिनीवर सरळ पसरायचा, त्यावर चाकं चढवायची, वरच्या बाजूने टोक ओढून आणायचं आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी पिन मारायची. शर्मनच्या पथकांनीही पट्टा असाच चढवला. त्यांचा एका बाजूचा पट्टा दीड टनाहून जड होता, माझा हाताने उचलता येतो.