काळा चिखल, कुजका वास आणि समुद्रगवत

समुद्रगवत म्हणजे उथळ समुद्राच्या तळावर, पाण्याखाली उगवणारी मुळं-पानांची वनस्पती. ते उपटलं की मुळांना काळा चिखल चिकटून येतो, त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. त्यावरून ‘तळ सडलाय, जिवाणूंनी मुळं खाल्ली’ असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. गाळात काही मिलिमीटर खालीच प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास त्याचा, काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. समुद्रगवताच्या धडधाकट कुरणातही हे असतंच.

सल्फाइड मुळांना विषारी आहे, एवढं मात्र खरं. पण उन्हात पानांनी तयार केलेला प्राणवायू मुळांच्या टोकांतून गाळात झिरपतो, आणि त्यावर जगणारे दुसरे जिवाणू सल्फाइडचं पुन्हा सल्फेट करून टाकतात. पाणी गढूळ झालं, ऊन पोचेना, की हा बंदोबस्त ढिला पडतो. तेव्हा बोट दाखवायचंच तर गढूळ पाण्याकडे दाखवा.

काही जिवाणू तर चक्क पोशिंदे! इटलीच्या एल्बा बेटाजवळच्या पोसिडोनिया नावाच्या समुद्रगवताच्या मुळांच्या आत एक जिवाणू राहतो. तो नायट्रोजन वायू स्थिर करून, म्हणजे वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणून, गवताला पुरवतो, बदल्यात साखर घेतो. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या माक्स प्लांक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे दाखवलं. हरभऱ्याच्या मुळांशी चालतो तोच व्यवहार, फक्त इथे गाठी नाहीत.